शीततेचा शोधयात्री : हायके कामरलिंग ओनस

शाळेच्या स्मरणिकेत थोरांची चरित्रे छापण्याची प्रथा जुनी आहे. समाजसुधारक, संत, सेनानी आणि कवी यांची चरित्रे आपण आवडीने वाचतो. शास्त्रज्ञांच्या वाट्याला मात्र सहसा पाठ्यपुस्तकातील एखादी चौकट येते. म्हणून या वेळी आम्ही हॉलंडमधील एका पदार्थवैज्ञानिकाचे चरित्र सादर करीत आहोत. इतिहासाचे अभ्यासक म्हणून हे चरित्र आम्हांला दोन कारणांसाठी महत्त्वाचे वाटते. पहिले कारण असे की, या माणसाने आपल्या प्रयोगशाळेच्या पोटातच कारागीर मुलांची शाळा काढली. दुसरे कारण असे की, अत्यंत शुद्ध धातूचा ध्यास घेऊन निघालेल्या या माणसाला त्याच्याच मोजमापांनी शुद्धतेविषयी अनपेक्षित धडा दिला. तो धडा शंभर वर्षांनंतर, लोहयुक्त अतिसंवाहकांच्या अभ्यासात, आजही पुढे लिहिला जात आहे.

वीटभट्टीच्या मालकाचा मुलगा

हायके कामरलिंग ओनस यांचा जन्म २१ सप्टेंबर १८५३ रोजी हॉलंडच्या उत्तरेकडील ग्रोनिंगन या शहरी झाला. वडील हार्म यांचा विटांचा कारखाना होता. आई आना कूर्स ही एका वास्तुशिल्पकाराची कन्या. घर सुस्थितीतील होते, परंतु शिस्त कडक होती. एक भाऊ मेन्सो पुढे चित्रकार म्हणून नावारूपास आला. हायके यांच्या मनाचा ओढा मात्र प्रयोगाकडे होता.

१८७० मध्ये त्यांनी ग्रोनिंगन विद्यापीठात प्रवेश घेतला. पुढच्याच वर्षी ते जर्मनीतील हायडेलबर्ग येथे गेले आणि बुन्सेन व किरखॉफ या दोन थोर गुरूंच्या हाताखाली शिकले. पृथ्वीच्या परिवलनाचे नवे पुरावे हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. १८७९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्याच सुमारास वायू आणि द्रव यांचे नाते गणिताने उलगडणाऱ्या व्हान डर वाल्स यांच्याशी त्यांचा परिचय झाला. हा सिद्धांत खरा की खोटा हे ठरवायचे तर वायूंचे वर्तन अतिशय कमी तापमानाला, अतिशय काटेकोरपणे मोजले पाहिजे, हे ओनस यांनी ओळखले. पुढील चाळीस वर्षांच्या कार्याचे बीज या एका जाणिवेत आहे.

१८८२ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, ते लायडन विद्यापीठात प्राध्यापक झाले. पदग्रहणाच्या भाषणात त्यांनी मोजमापाचे महत्त्व मांडले आणि मोजण्यातूनच ज्ञानाकडे जाता येते हे आपल्या प्रयोगशाळेचे ब्रीद म्हणून सांगितले. हे ब्रीद त्यांनी आयुष्यभर पाळले. चरित्रकाराला याहून अधिक काय हवे असते?

निळ्या डगल्यातील मुले

त्या काळी युरोपातील पुष्कळ प्रयोगशाळा एका प्राध्यापकाच्या आणि एकदोन मदतनिसांच्या बळावर चालत. ओनस यांनी ओळखले की, हवेचे, हायड्रोजनचे आणि पुढे हेलियमचे द्रवीकरण करावयाचे तर पंप, झडपा, नळ्या, दुहेरी भिंतींची निर्वात काचपात्रे आणि सूक्ष्म मापके शेकड्यांनी लागणार. ती बाजारात विकत मिळत नव्हती. ती घडवावी लागणार होती, आणि घडविणारे हातही आधी घडवावे लागणार होते.

या गरजेतून १९०१ मध्ये उपकरण घडविणाऱ्यांच्या शिक्षणासाठी एक संस्था स्थापन झाली. मुले दिवसा प्रयोगशाळेत धातूकाम आणि काचकाम करीत, काम करता करता शिकत आणि त्याला वर्गातील शिक्षणाची जोड मिळे. त्यांच्या अंगात निळे डगले असत, म्हणून लायडनमध्ये ती निळी मुले म्हणून ओळखली जात. ती शाळा आजही लायडनमध्ये चालू आहे. यंत्रविभागाचे प्रमुख गेरिट यान फ्लिम आणि काच फुंकून पात्रे घडविणारे ऑस्कर केसलरिंग हे या व्यवस्थेचे दोन आधारस्तंभ होते. विद्यापीठाची पदवी नसलेल्या या हातांनी जे घडविले, त्यावाचून लायडनचा एकही शोध लागला नसता.

ओनस हे या सर्वांचे मायाळू, पण कठोर धनी होते. प्रयोगशाळा त्यांच्या शब्दावर चाले आणि श्रेयही बहुतांशी त्यांच्याच नावावर जमा होई. याविषयी पुढे बोलू. तूर्त एवढेच नोंदवितो की, बुद्धीचे काम वरचे आणि हाताचे काम खालचे ही उतरंड ज्या काळी युरोपातही पक्की होती, त्या काळी या माणसाने दोन्ही कामे एका छपराखाली आणली. हातांनाही पद्धतशीर शिक्षण हवे, असे मानले.

भीतीने थांबलेले काम

या वाटचालीत एक मोठा अडथळा आला. १२ जानेवारी १८०७ रोजी लायडनच्या कालव्यात दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा स्फोट होऊन दीडशेच्या आसपास माणसे दगावली होती आणि शहराचा एक भाग उद्ध्वस्त झाला होता. त्याच मोकळ्या झालेल्या जागेवर पुढे प्रयोगशाळा उभी राहिली. १८९५ मध्ये तेथे दाबाखालील वायूंचे साठे आहेत हे कळताच नागरिकांच्या मनात जुनी भीती जागी झाली. काम थांबविण्याचा हुकूम निघाला. चौकशी समिती नेमली गेली. तिच्यात व्हान डर वाल्स होते. लंडनहून जेम्स ड्यूअर यांनीही ओनस यांच्या बाजूने लिहिले. परवानगी मिळेपर्यंत १८९८ उजाडले. दैवदुर्विलास असा की, त्याच वर्षी ड्यूअर यांनी हायड्रोजनचे द्रवीकरण करून बाजी मारली.

ओनस खचले नाहीत. त्यांनी घाई न करता यंत्रणाच अशी उभारली की, १९०६ पासून लायडनमध्ये द्रवरूप हायड्रोजन मोठ्या प्रमाणात आणि खात्रीने मिळू लागला. आता केवळ हेलियम हाच द्रव न झालेला वायू उरला होता. तो मिळविण्यासाठी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना येथील मोनाझाइट वाळू लागली. व्यापारी माहितीच्या कचेरीचे प्रमुख असलेले त्यांचे बंधू ओन्नो यांनी ती मिळवून दिली.

१० जुलै १९०८. पहाटे पावणेसहाला काम सुरू झाले. दुपारपर्यंत वीस लिटर द्रव हायड्रोजन तयार झाला. त्याच्या साहाय्याने हेलियम थंड करण्यास आरंभ झाला. संध्याकाळ झाली, तापमापी एका जागी खिळला, आणि तरी काचपात्रात काही दिसेना. डोकावण्यास आलेल्या एका सहकारी प्राध्यापकाने सुचविले की, तापमापी कदाचित द्रवातच बुडाला असेल. पात्रावर खालून प्रकाश टाकताच द्रवाचा काठ स्पष्ट दिसला. सुमारे ६० घन सेंटिमीटर द्रव हेलियम जमला होता. त्याचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर केवळ चार अंश, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअस होते. त्या दिवशी पृथ्वीच्या पाठीवर माणसाने निर्माण केलेली याहून थंड जागा दुसरी नव्हती.

शुद्ध पाऱ्याचा शोध

इतक्या थंडीत धातूतून वीज कशी वाहते, हा पुढचा प्रश्न होता. विजेला धातूत जो अडथळा होतो त्याला रोध म्हणतात. लॉर्ड केल्विन यांचे मत असे होते की, अतिशीत अवस्थेत वीज वाहून नेणारे कण गोठतील आणि रोध वाढेल. ओनस यांनी प्लॅटिनम आणि सोने यांच्या तारा मोजल्या. रोध कमी होत गेला, पण एका मर्यादेवर थांबला. सोने जितके शुद्ध, तितकी ती मर्यादा खाली. यावरून त्यांनी अनुमान केले की, उरलेला रोध हा धातूतील भेसळीचा दोष आहे. पूर्ण शुद्ध धातू मिळाला तर रोध हळूहळू शून्यावर येईल.

म्हणून त्यांनी पारा निवडला. पारा द्रव असल्याने त्याचे पुनःपुन्हा ऊर्ध्वपातन करून तो सोन्याहून अधिक शुद्ध करता येतो. केसासारख्या बारीक काचनळ्यांत तो भरून गोठविण्यात आला. ८ एप्रिल १९११ रोजी फ्लिम यांनी शीतपात्र सांभाळले, कॉर्नेलिस डॉर्समन यांनी तापमानाच्या मोजणीस साहाय्य केले आणि गिलेस होल्स्ट यांनी वेगळ्या खोलीत बसून रोध मोजला. पाऱ्याचा रोध जवळजवळ नाहीसा झाला होता.

प्रथम ओनस यांना आपले अनुमान खरे ठरल्यासारखे वाटले. पण ते एका निरीक्षणावर थांबणारे नव्हते. मे महिन्यात आणि नंतर ऑक्टोबरमध्ये प्रयोग पुन्हा केला, तेव्हा खरे चित्र दिसले. रोध हळूहळू घसरत नव्हता. सुमारे ४.२ केल्विनपाशी, अंशाच्या काही शतांशांतच, तो कड्यावरून कोसळावा तसा कोसळत होता. अनुमानाने सांगितलेल्या सावकाश उतारापेक्षा हे अगदी निराळे होते. ही पदार्थाची नवी अवस्था होती. पुढे तिला अतिसंवाहकता हे नाव पडले.

त्याहून मोठे आश्चर्य पुढे होते. ओनस यांनी पाऱ्यात मुद्दाम सोने आणि कॅडमियम मिसळून पाहिले. भेसळीने रोध परत यायला हवा होता. तो आला नाही. भेसळीचा पाराही शुद्ध पाऱ्यासारखाच रोधहीन झाला. १९१२ च्या अखेरीस कथील आणि शिसे या साध्या धातूंतही हीच अवस्था आढळली. ज्या शुद्धतेसाठी इतके श्रम घेतले, ती या चमत्काराची अट नव्हतीच. ओनस यांचे मोठेपण असे की, आपल्या अपेक्षेविरुद्ध गेलेले हे निष्कर्ष त्यांनी लपविले नाहीत, मोजले तसे छापले.

शुद्ध आणि अशुद्ध हे शब्द आपल्या देशात माणसांना लावले गेले, आणि त्यांच्या जखमा आपल्या पिढ्यांनी भोगल्या आहेत. धातूच्या गुणधर्मांवरून माणसाविषयी सिद्धांत काढणे शास्त्राला धरून होणार नाही, आणि आम्ही तो काढीतही नाही. परंतु शुद्धतेचा दावासुद्धा मोजून पाहावा लागतो, ही ओनस यांची सवय मात्र आपण खुशाल उचलावी.

सन्मान, उणिवा आणि अखेर

१९१३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९१४ मध्ये त्यांनी शिशाच्या बंद वेटोळ्यात वीज सोडली आणि बाहेरचा पुरवठा तोडला. तासन्‌तास उलटले तरी वीज फिरतच राहिली. सहकारी पॉल एरेनफेस्ट हे पाहून थक्क झाले. अशा तारांतून अतिशक्तिमान चुंबक बनविण्याचे स्वप्न ओनस यांनी पाहिले. तथापि साधारण चुंबकीय क्षेत्रातच शिशाची ही अवस्था मोडते असे आढळले, आणि ते स्वप्न त्यांच्या हयातीत अपुरे राहिले.

श्रेयाचा प्रश्न येथे टाळून चालणार नाही. १९११ च्या शोधाचे लेख एकट्या ओनस यांच्या नावाने प्रसिद्ध झाले. होल्स्ट यांच्या साहाय्याचा उल्लेख आत होता, परंतु लेखकाच्या जागी त्यांचे नाव नव्हते. ही त्या काळची रीत होती, असे म्हणता येईल. तरी इतिहासाचे काम रीत सांगून संपत नाही. मोजणाऱ्या हातांची नावे पुन्हा लिहून काढणे हेही त्याचे काम आहे. होल्स्ट पुढे फिलिप्स कंपनीच्या संशोधनशाळेचे पहिले प्रमुख झाले.

ओनस यांची प्रकृती आयुष्यभर नाजूक होती. १८८७ मध्ये त्यांचा विवाह मारिया बायलेव्हेल्ड यांच्याशी झाला, त्यांना आल्बर्ट हा एक मुलगा होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर, शत्रुराष्ट्रांच्या शास्त्रज्ञांतील दुरावा मिटविण्यासाठी आणि अन्नटंचाईने ग्रासलेल्या देशांतील उपाशी मुलांसाठी त्यांनी पुष्कळ खटपट केली. २१ फेब्रुवारी १९२६ रोजी लायडन येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या अंत्ययात्रेची एक आठवण सांगितली जाते. दफन जवळच्या फोर्सखोटन गावी होते, आणि उशीर झाल्यामुळे पायी निघालेल्या फ्लिम आणि केसलरिंग यांना शवगाडीमागे अक्षरशः धावावे लागले. गुरुजी गेल्यावरही आपल्याला पळवीतच आहेत, असे त्या दोघांना वाटले म्हणतात. एवढ्याशा आठवणीत त्या प्रयोगशाळेतील शिस्त आणि जिव्हाळा दोन्ही सामावले आहेत.

मागे राहिलेला प्रश्न

भेसळीचा पारा रोधहीन का झाला, हे ओनस यांना कळणे शक्य नव्हते. त्याचे उत्तर मिळण्यास जवळजवळ अर्धे शतक लागले. १९५७ मध्ये बार्डीन, कूपर आणि श्रीफर या तिघा अमेरिकनांनी दाखविले की, अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोड्या बांधतात. जोडी तोडण्यास ठरावीक किमान ऊर्जा लागते. तिच्याशी निगडित असलेल्या, इलेक्ट्रॉनांना मज्जाव असलेल्या ऊर्जेच्या पट्ट्याला ऊर्जा-अंतर म्हणतात. जोवर हे अंतर शाबूत, तोवर किरकोळ धक्क्यांनी जोड्या तुटत नाहीत. १९५९ मध्ये फिलिप अँडरसन यांनी सिद्ध केले की, साध्या धातूत बिनचुंबकी भेसळ इलेक्ट्रॉनांची वाट वळविते, पण हे अंतर मिटवीत नाही. चुंबकी भेसळ मात्र, उदाहरणार्थ लोखंडाचे थोडेसे अणू, जोड्या फोडून टाकते.

त्यामुळे लोखंड हे अतिसंवाहकतेचे वैरी मानले गेले. मग २००८ मध्ये जपानमध्ये हिदेओ होसोनो यांच्या गटाने लोखंड आणि आर्सेनिक असलेल्या एका संयुगात ऑक्सिजनचे काही अणू काढून त्या जागी फ्लोरिन घातले, आणि २६ केल्विनला अतिसंवाहकता मिळाली. काही महिन्यांतच चीनमधील संशोधकांनी अशाच संयुगांत ती ५५ केल्विनपर्यंत नेली. वैरी मानलेला धातूच या घराचा खांब निघाला, आणि तेही मुद्दाम केलेल्या अदलाबदलीच्या साहाय्याने.

या पदार्थांत भेसळीचा, म्हणजे अणूंच्या मांडणीतील अव्यवस्थेचा, परिणाम निराळा आहे. तो समजण्यासाठी आपल्या मैदानावरील लेझीम डोळ्यांपुढे आणावी. सर्व मुले एकाच ठेक्यावर खेळत असली, तर गर्दीत दोघांनी रांगा बदलल्या तरी खेळ बिघडत नाही. साध्या धातूंत असेच घडते. आता अशी कल्पना करावी की दोन रांगा आहेत, आणि एक रांग हात वर नेते तेव्हा दुसरी खाली आणते. प्रत्येक रांग आपापल्या जागी तालात आहे. अशा वेळी वाटेतील खड्ड्यांमुळे मुले या रांगेतून त्या रांगेत फेकली गेली, तर उलटे ठेके एकमेकांत मिसळून ताल विस्कटतो. लोहयुक्त अतिसंवाहकांत इलेक्ट्रॉनांचे एकाहून अधिक गट असतात, आणि त्यांपैकी अनेकांत दोन गटांचे ठेके असे परस्परविरुद्ध असतात, असे बहुसंख्य संशोधक मानतात. म्हणून तेथे बिनचुंबकी अव्यवस्थाही ऊर्जा-अंतर आकुंचित करू शकते.

परंतु गोष्ट येथेही संपत नाही. अव्यवस्था आणखी वाढली, तर दुबळ्या गटाचे अंतर मिटून पुन्हा उघडावे आणि दोन्ही रांगा एकाच ठेक्यावर याव्यात, अशी शक्यता सिद्धांताने वर्तविली आहे. ज्या लोहसंयुगात ऊर्जा-अंतर काही दिशांना शून्य असते, अशा एका संयुगावर वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा करून मुद्दाम दोष निर्माण केले, तेव्हा त्या शून्य जागा भरून निघाल्याचे आढळले. अव्यवस्थेने तेथील विषमता कमी केली. म्हणजे भेसळ मारते की तारते, याचे एकच उत्तर नाही. भेसळ कोणती, किती, आणि ती कोणत्या रचनेत पडली, हे मोजूनच सांगावे लागते.

ओनस यांच्या चुंबकाचे स्वप्नही मिश्रणानेच पुरे केले. आज मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत एमआरआय यंत्राच्या बोगद्याभोवती जो अतिसंवाहक चुंबक असतो, त्याची तार बहुधा निओबियम आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची असते. ती शुद्ध नसते. उलट तार ओढताना आणि तापविताना तिच्यात सूक्ष्म दोष मुद्दाम राखले जातात, कारण चुंबकीय रेषांना जागच्या जागी अडवून धरण्याचे काम तेच करतात. आणि तिला थंड ठेवतो तो द्रव हेलियम, जो १० जुलै १९०८ च्या संध्याकाळी प्रथम डोळ्यांना दिसला.

आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेल्या मुलामुलींपैकी कोणी आज कार्यशाळेत यंत्रावर काम करीत असेल, कोणी रुग्णालयात तंत्रज्ञ असेल, कोणी विद्यापीठात संशोधन करीत असेल. त्या सर्वांना आमची विनंती आहे की, ओनस यांच्या नावासोबत फ्लिम, केसलरिंग, डॉर्समन आणि होल्स्ट ही नावेही ध्यानात ठेवावीत, आणि त्या निळ्या डगल्यातील मुलांनाही विसरू नये. आपल्या विद्यार्थ्यांनी यंत्राला हात लावण्यात कमीपणा मानू नये, आणि मोजून आलेला आकडा आपल्या मताविरुद्ध गेला तरी तो वहीत जसाच्या तसा लिहावा. लायडनच्या त्या शीत प्रयोगशाळेचे इतके ऋण आपण फेडले तरी पुष्कळ झाले.